आवाजाच्या हद्दी

वर्धा जिल्ह्यातील बहुतेक शेतजमीन काळी आणि चिकण आहे. दख्खनच्या अग्निजन्य खडकाची युगानुयुगे झीज होऊन ती तयार झालेली असल्यामुळे वैशाखात तिला खोल भेगा पडतात, आणि मृगाच्या दोन-चार दमदार सरी कोसळल्या की तीच माती फुगून त्या भेगा मिटवते, पाण्याला खाली मुरण्याची वाट बंद होते, आणि मग वावराच्या सखल कोपऱ्यात, धुऱ्याच्या कडेला, नाल्याच्या उथळ पात्रात, रस्त्याच्या आणि रेल्वेच्या भरावासाठी माती काढून झालेल्या खड्ड्यांत ते साचून राहते. शेतकऱ्याला पेरणीपुरती ओल हवी असते, साचलेले पाणी नको असते. पण ज्या प्राण्यांनी कोरडे महिने याच मातीच्या पोटात निपचित राहून काढलेले असतात, त्यांचा वर्षभरातला एकमेव मुहूर्त या डबक्यांवर अवलंबून असतो. वर्षाला सुमारे १००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि डबके आटण्यापूर्वी अंड्यातून भैकेर व भैकेरातून बेडूक होण्याची सक्ती, अशा मुदतबंद व्यवहारात कोणालाच काही उद्यावर ढकलता येत नाही. म्हणूनच सेलूकडच्या किंवा समुद्रपूरकडच्या एखाद्या खेड्याबाहेर पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री जो गलका कानावर आदळतो तो इतका प्रचंड आणि इतका एकजीव असतो, की त्यात कोणी कोणाला काही सांगत असेल अशी शंकाही सामान्य श्रोत्याला येत नाही.

सांगणे मात्र चाललेले असते, आणि ते अगदी नेमके असते. त्या गलक्यातला जवळजवळ प्रत्येक आवाज नराचा असतो, आणि त्याचा मजकूर ठरलेला असतो: मी अमुक जातीचा आहे, साधारण इतक्या आकाराचा आहे, आणि या जागी आहे. हा मजकूर जिच्यासाठी असतो ती मादी बहुतेक जातींत मुकी असते, किंवा फार तर क्षीण आवाज काढते. ती काठावरच्या गवतातून ऐकते, निवडते आणि निवडलेल्या आवाजाच्या दिशेने जाते. बेडकांच्या ओरडण्याविषयी जे काही लिहिले-बोलले जाते ते बहुधा ओरडणाऱ्याविषयी असते. त्याचे गाल कसे फुगतात, तो किती लांब ऐकू जातो, वगैरे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील खरे नवल ऐकणारीच्या बाजूला आहे. शेकडो नर एकाच वेळी ओरडत असताना, त्यांत सहा-सात परक्या जातींचे नर असताना, वर रातकिड्यांची अखंड किरकिर आणि पानांवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज असताना, मटाराएवढ्या मेंदूचाही मान जिला देता येणार नाही अशी ती मादी आपल्या जातीचा एक नर वेगळा काढते. चूक झाली तर वर्षभर साठवलेली अंडी वाया जातात. मग ती चूक सहसा का होत नाही, हा या प्रकरणाचा विषय आहे.

प्रथम आवाज निघतो कसा ते थोडक्यात पाहू. माणूस बोलताना श्वास बाहेर सोडतो आणि तो वाया जातो; बेडूक तोंड आणि नाकपुड्या मिटून ओरडतो. फुप्फुसांतली हवा धडाच्या स्नायूंनी रेटून कंठातील स्वरपट्ट्यांवरून पुढे ढकलली जाते, ती हनुवटीखालच्या किंवा गालांपाशी असलेल्या लवचीक पिशवीत शिरते, पिशवी फुगते, आणि तिच्या ताणाने तीच हवा पुन्हा फुप्फुसांत परत येते. पिशवीच्या पातळ त्वचेतून आवाज भोवतालच्या हवेत पसरतो. हा व्यवहार काटकसरीचा असला तरी स्वस्त मात्र नाही. टायगेन आणि वेल्स या संशोधकांनी १९८५ साली अमेरिकेतील एका वृक्षमंडूकाच्या प्राणवायूच्या खर्चाचा हिशेब मांडला, तेव्हा त्या बेडकाला जबरदस्तीने उड्या मारायला लावल्यावर जो खर्च होतो त्याहून अधिक खर्च तो स्वखुशीने ओरडताना करतो असे दिसून आले. ज्याला आपण आळशी बसलेला समजतो तो नर रात्रभर आपल्या शक्तीच्या शेवटच्या मर्यादेवर काम करत असतो.

आता आपल्या डबक्याकाठी कोण कोण हजर असते त्याची नोंद घेऊ. सगळ्यांत आधी नजरेत भरतो तो आपल्याकडचा सर्वांत मोठा बेडूक, शास्त्रीय नावाने होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस. सोळा-सतरा सेंटिमीटरपर्यंत वाढणारा हा प्राणी एरवी शेवाळी-तपकिरी रंगाचा असतो, पण पहिल्या पावसात त्याचा नर पिवळाधमक होतो आणि त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना गडद निळ्या पिशव्या फुगतात. या रूपात तो भर दिवसा उथळ पाण्यात हुंदडताना दिसला की खेड्यातली पोरे त्याला निराळाच प्राणी समजतात. त्याचा आवाज जाड, भारदस्त आणि खालच्या पट्टीतला असून मराठीतले ‘डराव डराव’ बहुतांशी त्याच्याच खात्यावर जमा करावे लागेल. याच्याच तंगड्या एके काळी भारतातून परदेशी रवाना होत असत. ती निर्यात सरकारने १९८७ साली बंद केली. त्याचा हंगाम थोडक्या दिवसांचा असतो, पण त्या दिवसांत तो इतरांना फारशी संधी देत नाही.

दुसरा आपल्या अंगणातला भेक, डट्टाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. खरखरीत अंगाचा, दिव्याखालचे किडे टिपणारा हा गृहस्थ पाण्याशी जाऊन लांबलचक कंपित स्वर काढतो आणि तो बराच वेळ तोडत नाही. तिसरी जात तळ्याच्या पृष्ठभागावर तरंगत राहणाऱ्या आणि चाहूल लागताच पाण्यावरून टप्पे घेत पळणाऱ्या बेडकाची. ती कायमच्या पाण्यात राहत असल्यामुळे तिला मृगाची वाट पाहावी लागत नाही, बोर धरणाच्या जलाशयाच्या काठी किंवा धाम नदीच्या डोहांत तिचा आवाज पावसाळ्याबाहेरही ऐकू येतो. काठावरच्या गवतात लहान आकाराचे शेतबेडूक असतात. झुडपावर किंवा पाण्यावर झुकलेल्या फांदीवर ठिपकेदार वृक्षमंडूक, पॉलिपेडेट्स मॅक्युलॅटस, बसलेला असतो. त्याची मादी पाण्याच्या वर फेसाचे घरटे करून त्यात अंडी घालते, आणि उन्हाळ्यात हाच प्राणी न्हाणीघरात मुक्कामाला असतो. त्याचा आवाज लाकडावर टकटक केल्यासारखा तुटक असतो.

जमिनीत पुरून घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. स्फीरोथीका ब्रेव्हिसेप्स आणि युपेरोडॉन सिस्टोमा या दोन जातींच्या मागच्या पायांच्या टाचेपाशी कठीण उंचवटे असतात व त्यांच्या साहाय्याने त्या मागे मागे सरकत मातीत उतरतात. यांपैकी युपेरोडॉन हा वाळव्या आणि मुंग्या खाऊन गुबगुबीत झालेला, आखूड तोंडाचा प्राणी पावसानंतर वर येतो, अंग फुगवून पाण्यावर तरंगत ओरडतो, काही रात्रींत कार्यभाग उरकतो आणि पुन्हा वर्षभरासाठी दिसेनासा होतो. आणि सर्वांत शेवटी, पण कानाला सर्वांत आधी जाणवणारा, मायक्रोहायला: जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीचा, पाठीवर गडद नक्षी असलेला, गवताच्या बुडाशी बसून ‘कर्रर्र कर्रर्र’ करणारा. त्याचा शोध घेणाऱ्याला नेहमी असेच वाटते की एवढा आवाज करणारा प्राणी निदान मुठीएवढा असणार. तो नखाएवढा निघतो. लहान शरीरातून उंच पट्टीचा स्वर आणि मोठ्या शरीरातून खालच्या पट्टीचा स्वर निघणे हा ध्वनिशास्त्राचा साधा नियम आहे, आणि या डबक्यात चाललेल्या सगळ्या कारभाराचा पाया तोच आहे.

यांपैकी बऱ्याच जातींना शास्त्रीय नावे मिळाली ती अठराव्या शतकाच्या शेवटी. योहान गॉटलोब श्नायडर या जर्मन पंडिताने १७९९ साली आपला भेक, तो टप्पे घेणारा पाणबेडूक, स्फीरोथीका आणि युपेरोडॉन या चारही जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. वर्णन होते ते मृत नमुन्यांचे. आज या विषयातील अभ्यासक डबक्याकाठी आधी ध्वनिमुद्रक लावतात, कारण दिसण्यात तंतोतंत सारख्या पण आवाजात निराळ्या अशा जाती एकामागून एक उघड होत आहेत. बेडकांना स्वतःला ही पद्धत आरंभापासून ठाऊक आहे.

खरे तर आपल्याकडे आवाजावरून बेडूक ओळखण्याची नोंद श्नायडरच्याही पूर्वी तीनएक हजार वर्षांची आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील एकशे तिसरे सूक्त मंडूकांचे आहे आणि परंपरा ते वसिष्ठांच्या नावावर सांगते. त्यात ऋषीने बेडकांना सोमयागात रात्रभर बोलणाऱ्या ब्राह्मणांच्या पंक्तीला बसवले आहे, त्यावरून हा विनोद की भक्ती याविषयी पंडितांत बराच काथ्याकूट झालेला आहे. मला त्या वादापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ऋषी सांगतो की नाव एकच असले तरी यांतल्या एकाचा आवाज गाईसारखा, दुसऱ्याचा बोकडासारखा. एक ठिपक्यांचा, एक हिरवा. म्हणजे त्याने वर्षारंभीच्या त्या गलक्यातून निदान दोन स्वर निवडून काढले आणि त्यांना दोन रूपे जोडली. एक बेडूक दुसऱ्याचे बोलणे शिष्याने गुरूचे म्हणावे तसे मागून म्हणतो, हेही त्याने टिपले. निरीक्षण पक्के आहे. अर्थ मात्र आजच्या ज्ञानाप्रमाणे उलटा लावावा लागतो, कारण मागून ओरडणारा बेडूक पुढच्याचे ऐकून शिकत नसतो, त्याच्या आवाजात आपला आवाज बुडू नये म्हणून थांबलेला असतो. त्याकडे पुढे वळू.

मध्यप्रांताच्या अमदानीत या जिल्ह्यातल्या गावांचा बंदोबस्त झाला तेव्हा मोजणीदारांनी शिवाराचे तुकडे पाडले, हद्दीचे दगड रोवले आणि कोणती वहिवाट कोणाची याचे दप्तर तयार केले. डबक्यावरच्या हवेतही तसाच काही बंदोबस्त असतो असे ध्वनिमुद्रण कागदावर उतरवून पाहिले म्हणजे दिसते. उभ्या अक्षावर कंप्रता आणि आडव्या अक्षावर काळ धरला की, कानाला एकजीव वाटलेला गलका पट्ट्यापट्ट्यांचा होतो: तळाशी मोठ्या बेडकाची जाड पट्टी, तिच्या वर भेकाची सलग रेघ, त्याहून वर काही हजार हर्ट्झच्या आसपास मायक्रोहायलाचे ठिपके, आणि सर्वांच्या डोक्यावर रातकिड्यांची न तुटणारी ओळ. बर्नी क्राउस या अमेरिकन ध्वनिमुद्रकाने विसाव्या शतकाच्या अखेरीस असा सिद्धान्तच मांडला की, एका ठिकाणी दीर्घकाळ नांदणाऱ्या प्राण्यांनी ध्वनीचा अवकाश आपसांत वाटून घेतलेला असतो.

सिद्धान्त आकर्षक आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे थोडे संशयाने पाहिले पाहिजे. मोजणीदाराने आखलेली हद्द हुकमाने आखलेली असते. बेडकांच्या पट्ट्या बव्हंशी शरीराच्या आकाराने ठरलेल्या असतात, आणि आकार तर खाद्य, शत्रू, पाणी अशा शंभर कारणांनी ठरतो. शिवाय पट्ट्या एकमेकींवर चढतातही. दोन जातींचा स्वर एकाच उंचीवर असून दोघे एकाच काठावर सुखाने नांदतात असे दाखले जगभर नोंदले गेले आहेत. तेव्हा सगळा भार ओरडणाऱ्यांच्या समजूतदारपणावर टाकता येत नाही. उरलेला भार कानाने उचलला पाहिजे.

तो कसा उचलला जातो हे पहिल्यांदा नीट दाखवून दिले ते एका अभियंत्याने. रॉबर्ट कॅप्रानिका हे दूरध्वनीच्या संशोधनासाठी विख्यात असलेल्या बेल प्रयोगशाळेत काम करत. तारेवरच्या खरखरीतून बोलणे वेगळे कसे काढावे हा तेथला रोजचा प्रश्न होता. त्यांनी अमेरिकेतील मोठे बेडूक प्रयोगशाळेत ठेवले आणि त्यांना तीसहून अधिक जातींच्या बेडकांचे आवाज ऐकवले. नरांनी उत्तर दिले ते केवळ स्वजातीच्या आवाजाला. मग त्यांनी यंत्राने कृत्रिम आवाज तयार केले आणि त्यातला एकेक घटक काढून-घालून पाहिला. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा निष्कर्ष असा की त्या बेडकाच्या आवाजात शक्तीचे दोन ढीग असतात, एक २०० हर्ट्झच्या आसपास आणि दुसरा १४०० च्या आसपास. दोन्ही एकदम हजर असल्याशिवाय उत्तर येत नाही, एकट्याने काम भागत नाही. आणखी गंमत अशी की या दोहोंच्या मध्ये, ५०० हर्ट्झच्या आसपास, थोडा जरी जास्त आवाज मिसळला तरी उत्तर बंद पडते. म्हणजे त्या कानाला काय असावे एवढेच माहीत नसते, काय नसावे हेही माहीत असते.

शरीररचनेत याचे कारण सापडते. बेडकाच्या अंतर्कर्णात हवेतील ध्वनी टिपणारी दोन स्वतंत्र स्थाने आहेत. एक खालच्या आणि मधल्या कंप्रतांसाठी, दुसरे उंच कंप्रतांसाठी. आणि हे दुसरे स्थान फार अरुंद पट्टीवर जुळवलेले असते, जी पट्टी बहुधा त्याच जातीच्या हाकेची असते. आपला कान जे येईल ते आत घेतो आणि निवड मेंदूवर सोपवतो. बेडकाच्या बाबतीत निवडीचा मोठा भाग दारावरच उरकलेला असतो. परक्या पट्टीतल्या आवाजाला आत प्रवेशच मिळत नाही. प्वेर्तो रिकोतील कोकी नावाच्या बेडकाचे उदाहरण यापुढे जाते. त्याच्या हाकेचे ‘को’ आणि ‘की’ असे दोन तुकडे आहेत. पीटर नॅरिन्स आणि कॅप्रानिका यांनी १९७६ साली दाखवले की नराचा कान ‘को’वर आणि मादीचा ‘की’वर जुळलेला असतो. पहिला तुकडा प्रतिस्पर्ध्याला इशारा, दुसरा मादीला निमंत्रण; दोघे एकच हाक ऐकतात आणि ज्याचे त्याला पोहोचते.

अलीकडचा शोध तर असा आहे की तो मला स्वतःला प्रथम पटेना. बेडकाचे कर्णपटल डोक्याच्या पृष्ठभागावर असते, आतून ते तोंडाच्या पोकळीशी उघडे असते, आणि त्या वाटेने एका कानाचा दुसऱ्या कानाशी आणि दोहोंचा फुप्फुसांशी संबंध येतो. म्हणजे आवाज कर्णपटलावर बाहेरून येतो तसा आतूनही येतो. फुप्फुसांतून येणाऱ्या या आतल्या आवाजाचा उपयोग काय, हे कोडे बरीच वर्षे पडून होते. मिनेसोटा विद्यापीठातील मार्क बी आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतल्या हिरव्या वृक्षमंडूकाच्या मादीच्या कर्णपटलावर लेसरचा किरण सोडून त्याचे कंप मोजले, फुप्फुसे फुगलेली असताना आणि रिकामी असताना. २०२१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निकाल असा: फुगलेल्या फुप्फुसांमुळे स्वजातीच्या हाकेला मिळणारा प्रतिसाद वाढतही नाही आणि घटतही नाही. घटतो तो साधारण १४०० ते २२०० हर्ट्झ या मधल्या पट्टीचा प्रतिसाद, आणि नेमक्या त्याच पट्टीत शेजारच्या अनेक परक्या जाती ओरडत असतात. बाहेरून आलेली लाट आणि फुप्फुसांतून आलेली लाट तेथे एकमेकींना बऱ्याच अंशी नाहीशी करतात. विमानप्रवासात इंजिनाची घरघर मारण्यासाठी लोक जी यंत्रे कानाला लावतात त्यांचेही तत्त्व हेच. नराचे फुप्फुस आवाज निर्माण करते. मादीचे फुप्फुस नको तो आवाज पुसून टाकते. ज्या जिल्ह्यात सोमवारचे मौन पाळणारा एक महापुरुष वस्तीला होता तेथे बसून या शोधाविषयी लिहिताना मला विशेष समाधान वाटते.

पट्टी एकच असली तर काळाचा आधार घ्यावा लागतो. बेडकाची हाक सलग वाटली तरी ती स्पंदांची माळ असते आणि दर सेकंदाला किती स्पंद हा जातीचा शिक्का असतो. अमेरिकेत राखाडी वृक्षमंडूकाच्या दोन जाती आहेत, दिसायला अगदी सारख्या. एकीची गुणसूत्रे दुसरीच्या दुप्पट. त्यांच्या हाका वेगळ्या पडतात त्या मुख्यत्वे स्पंदांच्या गतीने, आणि माद्या तेवढ्यावरून बिनचूक निवड करतात. पण थंड रक्ताच्या प्राण्याची गती हवामानानुसार बदलते. गार रात्री स्पंद मंदावतात, उबदार रात्री वाढतात. मग गार रात्री एका जातीची हाक दुसरीसारखी वाटून घोटाळा व्हायला हवा. कार्ल गेरहार्ट यांनी १९७८ साली दाखवले की तो होत नाही, कारण तापमानाबरोबर मादीची आवडही त्याच प्रमाणात सरकते. नराचा गळा आणि मादीचा मेंदू दोन्ही एकाच हवेने मंदावतात. आपल्या डबक्यावर हे सूत्र फार उपयोगाचे असणार. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी तापलेली जमीन आणि पहाटेचे गार पाणी यांत चांगलाच फरक असतो.

काळाचा दुसरा उपयोग पाळी धरण्याचा. दोन शेजारी नर एकमेकांवर ओरडले तर दोघांच्याही स्पंदांची माळ बिघडते, आणि पुष्कळ जातींत मादी आधी आलेल्या हाकेकडे झुकते. त्यामुळे मागाहून सुरू करणाऱ्याचे नुकसानच असते. तो थांबतो, पुढच्याची हाक संपण्याची वाट पाहतो आणि मोकळ्या फटीत आपली हाक बसवतो. वसिष्ठांनी ऐकलेले गुरुशिष्य ते हेच. शेजारी दोन असतात तोवर हे ठीक चालते. शंभर झाले की प्रत्येकाला सर्वांकडे लक्ष देणे अशक्य होते, म्हणून प्रत्येक नर आपल्या जवळच्या दोघाचौघांपुरतीच पाळी सांभाळतो आणि बाकीच्यांना पार्श्वभूमीत ढकलून देतो. दूरवरून ऐकणाऱ्याला जे लाटांसारखे चढउतार जाणवतात ते या स्थानिक करारांतून निर्माण झालेले असतात. त्यांना कोणी प्रमुख नसतो.

सगळेच नर ओरडतात असेही नाही. काही जण जोरकस आवाजाच्या नराशेजारी मुकाट्याने बसून राहतात आणि त्याच्याकडे निघालेल्या मादीला वाटेत अडवतात. दुसऱ्याच्या खर्चावर होणारा हा व्यवहार अनेक जातींत नोंदलेला आहे. ओरडणाऱ्याचा धोकाही दुहेरी असतो, कारण हाक मादीला ऐकू जाते तशी शत्रूलाही. पनामातील तुंगारा बेडकाची साधी हाक आणि तिला जोडलेले अलंकार यांवर मायकेल रायन यांनी प्रदीर्घ अभ्यास केला. माद्यांना अलंकार आवडतात आणि बेडूक खाणाऱ्या वटवाघळांनाही ते आवडतात, असे १९८०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे डबक्याकाठी पाणदिवड हजर असतेच.

हाकेखेरीज एक आवाज आणखी आहे, त्याचा उल्लेख केला पाहिजे. अंधारात आणि धांदलीत एक नर दुसऱ्या नरालाच मादी समजून कवटाळतो, तेव्हा कवटाळला गेलेला नर तुटक, घाईचा आवाज काढतो आणि त्याचे अंग थरथरते. पकडणारा त्याला सोडून देतो. भेकाला काखेखाली बोटांनी हलकेच धरले तरी हा आवाज ऐकू येतो. पावसाने ओढ दिली की विदर्भात धोंडी काढण्याची चाल होती. काठीला कडुनिंबाच्या डहाळ्यांसह बेडूक बांधून पोरे दारोदार फिरत आणि घरोघरच्या बाया त्यावर पाणी ओतत. त्या बेडकाचा जो काही आवाज गावकऱ्यांच्या कानी पडत असेल तो पावसाची प्रार्थना नव्हे, सुटकेचा अर्ज असे.

वर्ध्याच्या सपाटीवर पाणी संथ आहे, त्यामुळे येथला गोंगाट प्रामुख्याने प्राण्यांचाच असतो. जेथे पाणीच गर्जते तेथे उपाय बदलतात. दक्षिण सह्याद्रीतील ओढ्यांत राहणारे मायक्रिक्झॅलस बेडूक हाक देतात आणि जोडीला मागचा पाय लांबवून पंजा फाकून दाखवतात, एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली या नाचऱ्या बेडकांच्या १४ नव्या जातींचे वर्णन एकदम प्रसिद्ध केले. चीनमधील ह्वांगशान येथील एका ओढ्यातल्या बेडकाने तर ओढ्याच्या घोषाच्या वर उडी घेतली आहे: त्याच्या हाकेत माणसाला ऐकू न येणाऱ्या, २० हजार हर्ट्झच्या पलीकडच्या कंप्रता असतात, आणि तो त्या ऐकतोही, हे आल्बर्ट फेंग, नॅरिन्स प्रभृतींनी २००६ साली सिद्ध केले. त्याचे कर्णपटल इतर बेडकांसारखे पृष्ठभागावर नसून खोल नळीच्या तळाशी असते.

आपल्या जिल्ह्यात नदीची गर्जना नसली तरी दुसरी आली आहे. मुंबई-हावडा लोहमार्ग वर्ध्यावरून जाऊ लागल्याला दीड शतक उलटून गेले. समृद्धी महामार्गाचा या जिल्ह्यातून जाणारा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीला खुला झाला. दोहोंच्या भरावाला लागून पाणी साचते, म्हणजे बेडकांना जागा देणारा आणि त्यांचे बोलणे बुडवणारा एकच. चाकांचा आणि इंजिनांचा आवाज मुख्यतः खालच्या कंप्रतांत असतो. कागदावर हिशेब मांडला तर त्याची झळ मोठ्या बेडकाला सर्वाधिक आणि उंच पट्टीतल्या मायक्रोहायलाला सर्वांत कमी लागावी.

थायलंडमध्ये जेनिफर सन आणि नॅरिन्स यांनी एका तळ्याकाठी असा हिशेब प्रत्यक्ष तपासून पाहिला आणि २००५ साली त्याचे फलित प्रसिद्ध केले. वरून विमान गेले किंवा मोटारसायकलींचा मुद्रित आवाज ऐकवला की तळ्यावरच्या तीन जातींचे ओरडणे कमी होई; त्या तिघांत मायक्रोहायलाच्या कुळातली एक जातही होती. चौथी एक जात मात्र याच वेळी अधिक ओरडू लागे.    याचा अर्थ त्यांनी असा लावला की यंत्राच्या गोंगाटाचा परिणाम दोन वाटांनी होऊ शकतो: एक थेट, आणि दुसरा आडवाटेने, म्हणजे काही जाती गप्प झाल्यामुळे शेजारची दुसरी जात चेतवली जाऊन. सेलू-आर्वीकडच्या भरावाखालच्या डबक्यात कोणाची हद्द घटली हे पाहायचे असेल, तर ट्रक जात असताना कोण थांबतो याच्याइतकेच, तेवढ्यात कोण सुरू करतो याकडेही कान द्यावा लागेल.